लुआ आत्याचा चेहरा

दियेपला सगळ्यात आधी भूक सोडून गेली, आणि त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नाही.

संध्याकाळभर कारखान्यात उभं राहून दुसऱ्यांचे डबे भरायचे. भात, वर तळलेला मासा, कोपऱ्यात लोणच्याच्या चकत्या. आणि आपल्या पोटात कावळे ओरडताहेत. असं दीड वर्ष काढल्यावर एक दिवस पोट आपणहून गप्प बसलं, तर कोणाला नको असतं? "बरं झालं," ती ल्वानला म्हणाली. "चुलीपाशी जाणारा वेळ वाचला. तेवढीच अक्षरं पाठ होतील."

ल्वान तिच्याच जिल्ह्यातली, तिच्याच शाळेतली. चपलांच्या कारखान्यांमागच्या गल्लीत दोघींची मिळून एक खोली होती. दोन गाद्या अंथरल्या की दार उघडत नसे. सकाळी जपानी भाषेची शाळा, संध्याकाळी काम, हे दोघींचं ठरलेलं. पण एप्रिलपासून दियेपला दाताच्या कवळ्या करायच्या विद्यालयात जायचं होतं. ल्वान चिडवायची, "बरोबर हेरलंस. अख्खा देश बोळका होत चाललाय. तुला मरेपर्यंत काम." प्रवेश जवळजवळ ठरला होता. अडचण एकच होती. व्हिसाची मुदत नोव्हेंबरअखेर संपत होती, ती वाढवून घ्यायला हवी होती. नाही वाढली तर परत गावी, नाम दिन्हला. भाताची खाचरं, बापाचा धूर ओकणारा ट्रॅक्टर, आणि 'आली का परत?' म्हणत सुपाऱ्या चघळायला दारात येऊन बसणाऱ्या बायका.

तर भूक गेली. मग तोंडाला चव यायला लागली, ती राखेची. जिभेवर बारीक करकर. चार वेळा चुळा भरल्या तरी जाईना.

"खोलीत उदबत्ती लावू नकोस गं," ल्वान म्हणाली. "त्या वरच्या धुराच्या डबीने बोंब मारली तर मालक दोघींना हाकलेल."

"मी कुठे लावली?"

"मग तुझ्या केसांना वास कसला येतोय? देवळातून उठून आल्यासारखा?"

एका सकाळी तर दियेप उठली तीच तुडुंब पोटाने. घशाशी लाल चिकट भात, उकडलेली कोंबडी, कोंबडीवरचा लिंबाच्या पानाचा वास. वर्गात तिला ढेकर आली. सहा महिन्यांत तिने असलं काही खाल्लं नव्हतं. शेजारच्या मुलाने नाक वर करून इकडेतिकडे पाहिलं, तिच्याकडे सोडून सगळीकडे. त्या दिवशी पौर्णिमा होती, पण जपानात पौर्णिमा कोण लक्षात ठेवतो?

मग दारं बंद राहायला लागली.

कोपऱ्यावरच्या दुकानाचं काचेचं दार कोणी समोर आलं की आपोआप सरकतं. ते तिच्यासाठी सरकेना. ती मागे गेली, पुढे आली, हात हलवला, अगदी उडीसुद्धा मारली. शेवटी शाळेतून परतणारी एक छोटी पोर आली, दार उघडलं, आणि दियेप तिच्या मागून आत शिरली. पैसे द्यायला रांगेत उभी राहिली तर गल्ल्यावरच्या मुलाने तिच्या खांद्यावरून मागच्या म्हाताऱ्याला म्हटलं, "या, पुढे या."

कारखान्यात पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या बायका मोजताना मुकादम म्हणाला, "आज एक कमी दिसतेय." दियेप त्याच्या कोपराला कोपर लावून उभी होती. त्याच आठवड्यात तक्रारी आल्या. काही डब्यांतलं जेवण अळणी, नुसतं कागद चावल्यासारखं. भात एकाच पातेल्यातला, मासा एकाच कढईतला. मुकादमाने पट्ट्यावरचे डबे एकेक चाखत शोधून काढलं की जे दियेपच्या हाताखालून पुढे जातात, तेवढेच अळणी. त्याने त्या जागेकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग तिथलं पातेलं बदलायला सांगितलं.

एवढं होऊनही तिने कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? थकवा असेल. परक्या देशात सगळ्यांनाच आपण असून नसल्यासारखं वाटतं, त्यावर तर पोरं दारू पिऊन गाणी म्हणतात. पण शाळेत हजेरी घेताना बाईंनी तिचं नाव घेतलं, ती "हजर" म्हणाली, बाई थांबल्या, तिने पुन्हा मोठ्याने "हजर" म्हटलं, आणि बाईंनी चुकचुकत गैरहजर मांडलं, तेव्हा मात्र ती घाबरली. व्हिसा कागदावर चालतो हे खरं, पण पोर रोज वर्गात येते की नाही हे व्हिसाची कचेरी आधी बघते. हजेरी घसरली की सगळं घसरलं.

शाळेच्या कार्यालयात ओनिशीबाई होत्या. भली बाई. मुलांचे मुदतवाढीचे अर्ज गोळा करून त्या एकगठ्ठा कचेरीत नेऊन देत. दियेपने आपला अर्ज, त्यावर डकवलेला फोटो, बँकेचा कागद, सगळं त्यांच्या हातात दिलं होतं. आता ती चौकशीला गेली तर ओनिशीबाईंनी मान वर केली नाही. तिने टेबलावर दोनदा टकटक केली.

"अगंबाई! दियेप-सान! तुमचे कागद आलेच नाहीत की हो. मी तीनदा निरोप पाठवला. सगळ्यांचे अर्ज गेले."

"तुमच्या हातात दिले होते, बाई. सोमवारी."

ओनिशीबाईंनी ट्रे उपसला. अगदी तळाशी तिचे कागद निघाले. त्यांनी ते दोन बोटांनी उचलले, ओली वस्तू उचलावी तसे. "हे इथे... मला कसं दिसलं नाही?" त्या पांढऱ्या पडल्या. खुर्चीवरून उठल्या, कमरेत वाकून माफी मागितली, पुन्हा मागितली. फक्त त्या वाकल्या त्या दियेपच्या डावीकडे, फायलींच्या कपाटासमोर. "आता तुम्हाला स्वतःच जावं लागेल कचेरीत. या आठवड्यातच. मुदतीच्या आत अर्ज नुसता त्यांच्या दप्तरी लागला पाहिजे, मग निकाल उशिरा आला तरी चालतो. पण लागला नाही, तर माझ्या हातात काही नाही हो." हे सगळं त्या कपाटाला सांगत होत्या.

दियेप कचेरीत गेली. चिठ्ठीवर नंबर घेतला, बसली. पाटीवर नंबर उमटला, ती उठून खिडकीपाशी जाईपर्यंत पुढचा उमटला. एक चिनी मुलगा तिच्या अंगावरून हात घालून आपले कागद पुढे करत म्हणाला, "नमस्कार." तिने दुसरी चिठ्ठी घेतली. पुन्हा तेच. शेवटी गर्दी ओसरल्यावर ती सरळ खिडकीत जाऊन उभी राहिली आणि कागद मांडले. साहेब फडक्याने टेबल पुसत होता. तिच्या कागदांपाशी आला, चकित झाला, आजूबाजूला पाहिलं, आणि ते उचलून विसरलेल्या वस्तूंच्या टोपलीत नीट ठेवले. एका छत्रीशेजारी, एका बाळाच्या मोज्याशेजारी. मग त्याने पडदा ओढला.

दियेपने टोपलीतून आपले कागद काढून घेतले. आता फक्त उद्याचा दिवस होता. बाहेर उजेड होता, लोक चालले होते, आणि तिला रडू येत होतं. पण आपण रडलो तर ते तरी कोणाला दिसेल, या विचाराने तिचं रडूसुद्धा आटलं.

तिथून ती घरी न जाता तुयेत मावशीकडे गेली.

तुयेत मावशी रेल्वेपुलाखाली मासळीचं खारवलेलं पाणी, गोठवलेली केळीची पानं आणि फोनची कार्डं विकायची. दोन टेबलं मांडून आपल्या मुलखातल्या पोरांना शेवयांचं सूपही खाऊ घालायची. दहा वर्षांची असताना ती देश सोडून होडीतून पळून आली, त्याला चाळीस वर्षं झाली. मायदेशाच्या दक्षिणेकडची, त्यामुळे उत्तरेच्या पोरींना टोमणे मारणं हा तिचा हक्क. दर रविवारी चर्चला जायची आणि आइस्क्रीमच्या फ्रीजवर सासरच्या पितरांचा देव्हाराही ठेवायची. कोणी हसलं तर म्हणायची, "येशू मोठ्या मनाचा आहे, तो रागवत नाही. माझा सासरा कोत्या मनाचा, तो रागावतो."

मावशीने तिला पाहिलं. नुसतं पाहिलं एवढ्यावरच दियेपचे डोळे भरून आले.

"काय गं, नाम दिन्ह? हाडं मोजायला आलीस होय? बस." मावशीने वाफाळतं वाडगं आणून ठेवलं. "खा."

"भूक नाही, मावशी."

"नसू दे. समोर राहू दे."

मावशी गिऱ्हाइकाला केळीची पानं देऊन परत आली, तोवर दियेपने चमच्याला हातही लावला नव्हता. मावशी काही बोलायला गेली आणि थांबली. वाडग्यातून वाफ निघत होती, ती वर जात नव्हती. आडवी वळून सरळ दियेपच्या तोंडाकडे जात होती, पाणी उतारावर जावं तशी. मावशीने हळूच वाडगं आपल्याकडे ओढलं, एक चमचा चाखला आणि खाली ठेवला.

"याच पातेल्यातलं मी तासापूर्वी जेवलेय," ती म्हणाली. "यात आता मीठ नाही, मासळी नाही, काही नाही. तू हे जेवलीस, पोरी. न खाता जेवलीस."

आपल्याकडे कोणाला हे समजावून सांगावं लागत नाही. पितरांपुढे नैवेद्य मांडला, उदबत्ती जळून संपली की तो खाली काढून घरच्यांनी खायचा. आणि पोरंसोरंसुद्धा सांगतात, की त्याची चव गेलेली असते. सत्त्व वरच्यांनी खाल्लेलं असतं, आपल्या वाट्याला उष्टं.

"घरी तुझा फोटो कुठे आहे?" मावशीने विचारलं.

"कसला फोटो?"

"तुझ्या घरी, नाम दिन्हला. तुझा फोटो काढून कोणी कुठे ठेवलाय? लाव फोन आईला."

आईने फोन उचलला. मागे कोंबड्यांची कलकल, आईचा घामेजलेला चेहरा. "दियेप? अगं, कॅमेरा नीट धर की. नुसती भिंत दिसतेय."

"मी समोरच आहे, आई."

"आवाज येतोय, पण भिंतच आहे. नि कोणाचा तरी फ्रीज."

मावशीने फोन स्वतःकडे वळवला. "मी दिसतेय का, ताई?"

"तुम्ही दिसताय. तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. माझी पोरगी कुठाय?"

"ती त्या खुर्चीवरच बसलीय," मावशी म्हणाली. "घाबरू नका. आधी मला सांगा, पोरीचा फोटो देव्हाऱ्यावर ठेवलाय का?"

मग आई बोलायला लागली ती थांबेना. "मी काय वाईट केलं? तीच म्हणाली, आई, व्हिसासाठी पितरांना सांग. मागच्या खेपेला कागदांची नक्कल ठेवली होती, आला की नाही व्हिसा? सगळेच ठेवतात. पण म्हटलं, जपानी कागद पितर वाचणार कसे? आमच्या सासऱ्यांना तर आपलीसुद्धा अक्षरं येत नव्हती. त्यापेक्षा फोटो ठेवू, तोंड बघून तरी ओळखतील. तिने अर्जावरचा फोटो पाठवला होता, तो घेऊन दुकानात गेले, म्हटलं जरा मोठा करून द्या. आणि काय सुंदर करून दिला हो त्याने! मुरमं पुसली, अंगात निळा रेशमी आओ दाइ घातला..."

"आई!" दियेप ओरडली. "तो मेलेल्यांचे फोटो करतो तसा केलाय त्याने!"

"हो, ते घरी आल्यावर माझ्याही लक्षात आलं. पण फ्रेमसकट दिला होता, सोनेरी काठाचा. टाकून कसा द्यायचा? म्हटलं व्हिसा येईपर्यंत राहू दे."

"आणि जेवण?"

"ते तर सगळ्यांनाच ठेवतो. तुझ्यापुढेही एक वाटी. पौर्णिमेला लाल भात, कोंबडी. आवडते ना तुला?" बोलता बोलता आईचा आवाज विरत गेला. रिकाम्या खुर्चीकडे बघत ती म्हणाली, "आई गं. मी काढते. आत्ता काढते."

"तशीच काढू नका," मावशी म्हणाली. "विचारून काढा."

आईने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. देव्हारा दिसायला लागला. वर आजोबा, पणजोबा, पणजी. आणि खालच्या पायरीवर, एका एकट्या उदबत्तीच्या वाटीमागे, निळ्या रेशमातली, ओठ मिटून मंद हसणारी दियेप. दियेपला स्वतःकडे बघवेना. आईने बशीत दोन नाणी घेतली आणि कौल लावला. एक उताणं, एक पालथं पडलं तर होकार. बशी वाजली. दोन्ही पालथी. पुन्हा वाजली. दोन्ही पालथी.

तेवढ्यात काठीचा आवाज आला.

"हात लावू नका तिला," आजी म्हणाली. "माझी लुआ आलीय."

लुआ म्हणजे दियेपच्या बापाची थोरली बहीण. लढाईच्या वर्षांत एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली. लग्न झालं नव्हतं, मागे कोणी नव्हतं. अशी कुमारी गेलेली आत्या आपल्याकडे घराची राखण करते. प्रसन्न असली तर पोरांची पोटं भरतात, रुसली तर भरल्या घराचं वाटोळं होतं. म्हणून तिची वाटी वेगळी, खालच्या पायरीवर. पण वाटीमागे पन्नास वर्षं काहीच नव्हतं. तेव्हा गावात कॅमेरा होता कोणाकडे? लुआ आत्याला चेहराच नव्हता. आणि दियेपच्या आईने, वर जागा नाही म्हणून, पोरीची फ्रेम नेमकी तिथे टेकवली होती.

"रोज माझ्याशी बोलते," आजी सांगत होती. "कुठे चाललात तिला घेऊन?"

दियेपच्या तोंडात ओरडा आला होता. मावशीने तिचा हात दाबला. "ओरडू नकोस. हिसकावायला गेलीस तर म्हातारी आणखी घट्ट धरेल, आणि ती आत्यासुद्धा. तू विचार. ती कशी होती, ते विचार."

"आजी," दियेप म्हणाली.

आईने फोन आजीच्या डोळ्यांपुढे धरला. मोतीबिंदूने दुधाळ झालेले ते डोळे पडद्याकडे पाहायला लागले, मग फ्रेमकडे, पुन्हा पडद्याकडे. "ही कोण? तू तर इथे बसली आहेस. मग ही कोण?" आजीने हाताने हवा चाचपली. "दोघी आहात?"

आजीला ती दिसत होती.

"मी दियेप, आजी. तुझ्या मुलाची मुलगी. आजी, लुआ आत्या माझ्यासारखी होती का?"

"तूच तर आहेस."

"माझ्यासारखंच नाक होतं?"

कोंबड्या शांत झाल्या होत्या बहुतेक. फोनमधून नुसता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता.

"मला आठवत नव्हतं," आजी अखेर म्हणाली. इतकं हळू की आईनेही तिच्यापाशी कान आणला. "हे कोणाला सांगू नये, पण सांगते. मी तिचं तोंड विसरले होते. आई असून. आवाज आठवायचा, हात आठवायचे, ती टोपली कमरेवर कशी घ्यायची ते आठवायचं. तोंडाच्या जागी नुसता उजेड. वर्षामागून वर्षं मी उजेडापुढे उदबत्ती लावली. मग सूनबाईने हे आणून ठेवलं आणि मला वाटलं, हेच ते. आता हे काढलंत, की पुन्हा उजेड."

मावशीने डोळे पुसले आणि चिडून नाकही पुसलं.

दियेप म्हणाली, "मी फोटोत ओठ मिटून हसलेय, आजी. ती कशी हसायची?"

"तोंड झाकून," आजी लगेच म्हणाली, आणि स्वतःच दचकली. "हात पुढे धरून हसायची. दातावर दात होता ना तिचा. इथे, डाव्या बाजूला. वरचा सुळा. पोरं चिडवायची."

"माझे दात सरळ आहेत."

"तुझे सरळ आहेत," आजी म्हणाली. तिने मान फ्रेमकडे वळवली, जवळ गेली, काचेला नाक लागेपर्यंत. "भुवई. तिच्या भुवईत खोक होती, रेडकाने शिंग मारलं होतं. हिच्या भुवईत खोक नाही. कान... तिच्या कानाच्या पाळ्या मोठ्या होत्या, बापासारख्या." आजी बोलत राहिली, थांबत, आठवत. दर वाक्यागणिक तिचा आवाज तरुण होत होता आणि चेहरा म्हातारा. शेवटी ती थकून चटईवर बसली. फ्रेम जागच्या जागी होती.

"आजी, मला इथे राहायचंय," दियेप म्हणाली. "उद्या मी कोणाला दिसले नाही, तर माझं सगळं संपलं."

"उद्याचं उद्या," आजी म्हणाली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दियेप कचेरीचं दार उघडायच्या आधीच पायरीवर होती. दुसऱ्यांच्या पाठोपाठ आत शिरली, चिठ्ठी घेतली, बसली. नंबर आला आणि गेला. दुसरी चिठ्ठी. तोही गेला. शेजारच्या बाकावर एक बाई आपलं रडणारं बाळ खाली ठेवायला जागा शोधत आली आणि तिने ते सरळ दियेपच्या मांडीवर ठेवलं, बाकावर ठेवावं तसं. बाळ ओरडायचं थांबलं. छताकडे बघावं तसं तिच्यातून आरपार बघत राहिलं. दियेप हलली नाही. आपण हललो तर बाळ पडेल, ही भीती होती. आणि नाही पडलं तर, ही त्याहून मोठी.

दुपार कलली. खिडक्या एकेक करून बंद होऊ लागल्या. आणि अचानक बाळाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत. पाहिलं आणि जो टाहो फोडला, की त्याची आई धावत आली आणि किंचाळली, "अहो! माफ करा हं, माफ करा! तुम्ही... मी बघितलंच नाही!"

"त्या, तपकिरी कोटवाल्या बाई!" खिडकीतून साहेब वैतागून हाक मारत होता. "तुमच्या हातात दोन-दोन चिठ्ठ्या आहेत. नंबर केव्हाच होऊन गेला. झोप लागली होती का?"

दियेप धावली. कागद पुढे केले. साहेबाने एकेक उलटला, शाळेचा दाखला पाहिला, हजेरीपाशी थबकला. कशीबशी काठावर होती. "तब्येत बरी नव्हती?" "नव्हती." मग त्याने अर्जावरच्या फोटोवर बोट ठेवलं. "आणि हे काय आणलंत?"

फोटोत पांढरी भिंत होती, कोटाची कॉलर होती, गळा होता. त्याच्या वर काही नव्हतं. पुसलेलं नव्हतं, फाटलेलं नव्हतं, नुसताच उजेड होता.

"छपाई बिघडली असेल," साहेब म्हणाला, पण त्याने बोट चटकन मागे घेतलं. "खाली यंत्र आहे. नवा काढून आणा. मी खिडकी उघडी ठेवतो, पण पळा."

ती पळाली. यंत्राच्या पडद्याआड बसली, काचेतल्या चौकटीत तोंड आणलं आणि डोळे मिटू नयेत म्हणून पापण्या ताणून धरल्या. लख्ख झालं. पट्टी बाहेर येईपर्यंत तिने श्वास घेतला नाही. फोटोत एक घाबरलेली, सुकलेली, डोळ्यांखाली काळं आलेली मुलगी होती. हनुवटीवर दोन मुरमं. दियेपने त्या मुरमांकडे माया करावी तसं पाहिलं.

साहेबाने फोटो चिकटवला. एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. तिचं जुनं रहिवासाचं कार्ड उलटं करून मागे शिक्का मारला. अर्ज दप्तरी लागला. "निकालाचं पत्र घरी येईल. तोवर निर्धास्त राहा," तो म्हणाला. मग सरकारी आवाज सोडून, "आणि काहीतरी खा."

त्याने खा म्हणायला आणि तिच्या पोटात कोणीतरी जाळ पेटवायला एकच गाठ पडली. भिंतीला धरूनच ती जिन्यावर आली, पायरीवर बसली आणि घरी फोन लावला.

"दिसतेयस!" आई पहिल्यांदा ओरडली, मग रडली, मग म्हणाली, "काय अवतार केलायस!"

"आजीने कौल लावला का?"

"कसला कौल? बशीला हातसुद्धा लावला नाही तिने. सकाळभर फ्रेमसमोर बसून होती. जेवली नाही. मघाशी उठली आणि स्वतःच्या हाताने ती उतरवली. तिला म्हणाली, तू गोड आहेस गं, पण तू माझी नाहीस. माझी हसली असती तर हात आला असता मध्ये. झालं. मी कपाटात ठेवलीय, उलटी करून. तू येशील तेव्हा तूच काय ते कर, मी नाही हात लावणार."

"आणि आत्याला?"

"दुकानवाल्याचा बाप आहे ना, तो ऐकून चित्र काढतो कोळशाने. पूर्वी सगळ्या गावाची त्यानेच काढलीत. परवा येतो म्हणालाय. आजी सांगेल तसं तो काढेल. खोक, दात, कान, सगळं."

"मग आता तिथे काय आहे? वाटीमागे?"

आईने मागे वळून पाहिलं, आणि लगेच मान परत फिरवली. "काही नाही. रिकामं आहे. आजी कोणाला तिकडे बघू देत नाही. म्हणते, पाठ करून बसा, पोरगी तयार होतेय. जन्मात पहिल्यांदा चित्राला बसणार आहे ती." मग आईने आवाज अगदी खाली आणला. "दियेप, तुला म्हणून सांगते, बाबांना बोलले नाही. फ्रेम उतरवल्यापासून त्या बाजूने फणीचा आवाज येतोय. लांब केसांतून वरून खाली फिरवतात ना, तसा."

दियेपने कानाला फोन घट्ट लावला. आधी कोंबड्या ऐकू आल्या. मग घड्याळ. मग त्याच्यामागे, सावकाश, न थांबता, ते.

"मग घाई करू नका तिला," ती म्हणाली. "लांब केसांना वेळ लागतो."